चेताराची पिंपं

मित्रहो, इटलीच्या आमाल्फी किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ असते ती पोझितानो आणि आमाल्फीला. मला मात्र बोलायचंय ते सालेर्नोच्या बाजूच्या चेताराबद्दल. लात्तारी डोंगरांच्या एका घळीत वसलेलं, जेमतेम दोन हजार वस्तीचं हे गाव आजही खऱ्या अर्थानं कोळ्यांचं आहे.

नवव्या शतकात इथं सारासेनांनी, म्हणजे अरब मुस्लिम हल्लेखोरांनी, तळ ठोकला होता. पुढे 1534 मध्ये सिनान पाशाच्या तुर्की आरमारानं गाव लुटलं, शेकडो माणसं गुलाम म्हणून पकडून नेली. किनाऱ्यावर जो दगडी बुरूज दिसतो, तो अशाच भीतीच्या काळात वाढवलेला. एवढं सोसूनही लोकांनी समुद्राकडे पाठ फिरवली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या गावाची खरी ओळख म्हणजे 'कोलातुरा दी आलीची', खारवलेल्या माशातून गाळलेला रस. आलीची म्हणजे अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातला लहानसा मासा. सालेर्नोच्या आखातात मार्चअखेरपासून जुलैपर्यंत तो मिळतो. रात्री होडीवर दिवे लावायचे, उजेडाकडे मासा गोळा झाला की जाळं ओढायचं. मासा ताजा असतानाच हातानं त्याचं डोकं आणि आतडी काढतात. मग चेस्टनटच्या लाकडाच्या छोट्या पिंपात, 'तेर्झिन्यो'त, एक थर मिठाचा, एक थर माशाचा, असं वरपर्यंत रचत जातात. वर लाकडी झाकण आणि त्यावर दगड. त्या दाबानं आणि मिठानं माशाचं पाणी सुटतं. ते काढून ठेवायचं, उन्हाच्या तापानं आटू द्यायचं, आणि शरद ऋतूत पुन्हा त्याच पिंपात वरून ओतायचं. थराथरांतून झिरपताना ते माशाची सगळी चव घेतं आणि तळाच्या भोकातून थेंबथेंब गळतं. रंग पिंगट, मधासारखा. वास उग्र, पण चव खोल.

प्राचीन रोमन लोक 'गारुम' नावाचं माशाचं खारवण जेवणात सर्रास वापरत. कोलातुरा त्याच घराण्यातलं. मध्ययुगात मठातल्या साधूंनी मासे खारवताना ही रीत पुन्हा सुरू केली, असं गावात सांगतात. लेखी पुरावा काहीही असो, ती टिकली ती घराघरांतल्या पिंपांमुळे, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरात कोलातुरा तयार होतं आणि नाताळच्या आदल्या रात्री, मांस वर्ज्य असताना, स्पॅगेटीवर पडतं. पास्त्याच्या पाण्यात मीठ घालत नाहीत. ऑलिव्ह तेल, लसूण, मिरची, पार्सली आणि वरून कच्चंच कोलातुरा; ते विस्तवावर ठेवायचं नाही.

29 जूनला संत पीटरचा सण. पीटर स्वतः कोळी, म्हणून मूर्ती कोळ्यांच्याच खांद्यावरून मिरवते आणि धक्क्यावर आणून समुद्राकडे तोंड करून उभी करतात.

2020 मध्ये कोलातुराला युरोपीय संघाचं 'डीओपी', म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाचं, संरक्षण मिळालं. आता दुसरीकडचा माल या नावानं विकता येत नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मेहनतीच्या मानानं उत्पादन थोडं असतं, आणि स्वस्त नक्कल बाजारात आली की पहिला फटका बसतो तो हातानं मासा साफ करणाऱ्यांना.