एका मुलाभोवतीची अनेक कार्यालये

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नाशिक जिल्ह्यात एखादे मूल संकटात सापडले की त्याच्यासाठी कागदोपत्री बरीच माणसे कामाला लागतात. मुलाची काळजी आणि संरक्षण यांबाबत निर्णय घेणारी बाल कल्याण समिती असते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, प्रत्येक पोलीस ठाण्यात नेमलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, बालगृहाचे अधीक्षक असतात, शिक्षण विभाग आणि आरोग्य विभाग असतो, आणि मूल आदिवासी तालुक्यातले असेल तर आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही असते. मूल कायद्याच्या कचाट्यात सापडले असेल तर बाल न्याय मंडळ वेगळे. तेव्हा यंत्रणा नाही, ही तक्रार आज करता येणार नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने ती पुरेशी तपशिलात उभी केली आहे. अडचण आहे ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाताना जे सांडते त्याची, आणि आजचे हे भाषण त्या सांडण्याबद्दल आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका मुलाचे नाही, पण या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. मनमाड जंक्शनवर रात्री उशिरा एका गाडीतून दहा-अकरा वर्षांचा मुलगा एकटाच उतरतो. रेल्वे सुरक्षा दलाचा जवान त्याला बाकावर बसवतो, बिस्किटाचा पुडा देतो आणि गाव विचारतो. मुलगा सांगतो, की तो मामाकडे राहतो, मामा वीटभट्टीवर आहे, भट्टीच्या मागे पाट आहे आणि पाटापलीकडे शाळा आहे. जवान हे आपल्या वहीत टिपून घेतो. मग लोहमार्ग पोलीस विचारतात, नंतर मदतकक्षातली ताई विचारते, वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, बालगृहात अधीक्षक विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी समितीसमोर तोच प्रश्न पुन्हा येतो. दर वेळी उत्तर आखूड होत जाते. रात्रभर जागलेले, घाबरलेले मूल सहाव्यांदा तेच सांगायला कंटाळते आणि मान हलवते. समितीपुढच्या अहवालात शेवटी एवढेच उतरते : ‘बालक पत्ता सांगू शकत नाही.’ वीटभट्टी, पाट आणि शाळा या तिन्ही खुणा जवानाच्या वहीतच राहतात, आणि त्या वहीचा या फाइलशी पुढे कधीच संबंध येत नाही.

यात कोणी कामचुकारपणा केलेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत ते समितीपुढे हजर करायचे, हा नियमही पाळला गेला आहे. प्रत्येकाने आपापला रकाना भरला, सही केली, कागद पुढे पाठवला. तरीही मुलाचे घर सापडायला आठवड्याऐवजी कित्येक महिने लागू शकतात, कारण पहिल्या तासात मिळालेली माहिती मुलासोबत पुढे गेली नाही.

त्यात नावांचा घोळ असतो. जन्माच्या नोंदीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे, शाळेच्या हजेरीत तिसरे, आणि घरी हाक मारायचे चौथेच. हरवलेल्या मुलांच्या नोंदीसाठी संकेतस्थळे आहेत, परंतु मनमाडला ‘किसन’ म्हणून नोंदवलेला मुलगा त्याच्या गावच्या ठाण्यात ‘कृष्णा’ म्हणून बेपत्ता असेल, तर संगणक त्या दोघांची गाठ घालून देईलच असे नाही. ती गाठ घालतो कुठल्या तरी ठाण्यातला एखादा जुना हवालदार, जो दुसऱ्या ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून विचारतो, “अहो, तुमच्याकडे वीटभट्टीवरचं एखादं पोरगं कमी आहे का?” आपल्याकडची बरीचशी मुले आजही अशा फोनांमुळे घरी पोहोचतात. ही ओळख यंत्रणेची असायला हवी. ती त्या हवालदाराची खाजगी मालमत्ता राहिली, तर त्याची बदली झाली की तीही जाते.

मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीबाबत असाच एक बदल झाला आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांच्या आधाराने चालली. २०२३ पासून ती शासनाने आपल्या हाती घेतली असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. या बदलाबद्दल माझे मत संमिश्र आहे. फोन घेणारे आणि कारवाई करणारे एकाच छताखाली आले, हे चांगलेच झाले. परंतु संस्थांच्या कार्यकर्त्यांची फलाटावरच्या हमालांशी, चहावाल्यांशी, रिक्षावाल्यांशी असलेली वर्षानुवर्षांची ओळख कोणत्याही आदेशाने हस्तांतरित होत नाही. त्या कार्यकर्त्यांना आजही बैठकीला बोलावले पाहिजे, त्यांचा सल्ला घेतला पाहिजे.

जिल्ह्यांच्या सीमेवर हे सांडणे अधिक गंभीर होते. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांतली लहान मुले मेंढ्या वळण्यासाठी शेजारच्या जिल्ह्यात वेठबिगारीवर ठेवल्याचे उघडकीस आले, आणि ते उघडकीस आले एका मुलीच्या मृत्यूनंतर. त्या मुलांची नोंद एका तालुक्यात, राबणूक दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मेंढपाळ तर सतत फिरते. शाळेच्या पटावरून नाव गळाले की ती बाब शिक्षण विभागाची, वेठबिगारी महसूल आणि कामगार विभागाची, मारहाण पोलिसांची आणि पुनर्वसन समितीचे. या सगळ्यांना जोडणारी पहिली खूण कोणती होती, असे मला विचारले तर मी शाळेतली गैरहजेरी म्हणेन. मूल महिनाभर शाळेत आले नाही, हे गुरुजींना ठाऊक असते, अंगणवाडी ताईंना ठाऊक असते, पोलीस पाटलांच्या कानावर असते. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते ती नेमकी अशाच खुणा एकत्र मांडण्यासाठी. प्रत्यक्षात अनेक गावांत तिची नोंद इतिवृत्तापुरती असते आणि सह्या घेण्यासाठी वही घरोघर फिरते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून दर हंगामात कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे कामाला उतरतात. मुले कुठे जाणार आहेत, हे विचारण्याची वेळ ते निघण्याच्या आधीची असते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्काचा कायदाही सांगतो. तरीही बागेजवळच्या शाळेला त्या मुलाची कुणकुण लागायची, तर गावच्या गुरुजींनी तिकडच्या गुरुजींना एक फोन करावाच लागतो.

आता पैशांच्या बाजूकडे वळतो, कारण मूल घरातून बाहेर पडण्यामागे अनेकदा पैसाच असतो. आई किंवा वडील गेले आणि उरलेल्या एका पालकाला घर चालवता येत नाही, अशा मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये वाढवून दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल घरीच वाढावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीची, रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे, आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये, तर इतरत्र ९६,००० रुपये आहे. कायद्याचे तत्त्व असे, की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, आणि मूल शक्यतो आपल्या घरीच वाढावे. त्या तत्त्वाला बळ देणारा पैसा हाच. मात्र नवऱ्याच्या मृत्यूनंतर सुरगाण्याच्या पाड्यावरच्या एखाद्या बाईला मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, बोनाफाइड शाळेतून आणि खाते बँकेतून मिळवायचे असते, आणि त्यानंतर नाशिकला यायचे असते. प्रत्येक खेपेला तिची एका दिवसाची मजुरी बुडते आणि वर एस. टी.चे भाडे जाते. तिसऱ्या खेपेनंतर ती येणे सोडते आणि थोरल्या मुलीची शाळा थांबवते. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी महिला व बालविकास, तहसील आणि शिक्षण या तिन्ही कार्यालयांची माणसे एकत्र बसवली, तर तेच काम एका खेपेत होते. यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतले तरी पुरे, आणि बाल न्याय अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीने बाल संरक्षणाच्या यंत्रणांवर देखरेख करण्याचा अधिकार त्यांच्याकडे दिलेलाच आहे.

बाल कल्याण समितीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यातून किमान वीस दिवस बैठका, न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार, असे तिचे स्वरूप आहे. सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी अपेक्षा आहे. तो अहवाल ज्याने लिहायचा तो कार्यकर्ता बहुधा कंत्राटी असतो. आज मालेगावला गृहचौकशी, उद्या कळवणला, परवा न्यायालयात साक्ष, आणि संध्याकाळी संगणकावर माहिती भरणे, असा त्याचा आठवडा जातो. अत्याचाराची हकिकत एखाद्या लहान मुलीच्या तोंडून ऐकून तो घरी जातो, आणि त्याविषयी त्याने कोणाशी बोलावे याची सोय कोणीच केलेली नसते. आपण समुपदेशक मुलांसाठी नेमतो, ते योग्यच आहे. पण बालगृहातली काळजीवाहक ताई, जी रात्री दोनला उठून भेदरलेल्या मुलाजवळ बसते, तिच्याशी महिन्यातून एकदा तरी कोणी जाणत्या माणसाने तासभर बोलले पाहिजे. ही मागणी मला चैनीची वाटत नाही. थकलेला माणूस अहवालात मागच्या अहवालातली वाक्ये उतरवतो, आणि त्या उतरवलेल्या वाक्यांवर एखाद्या मुलाचे पुढचे आयुष्य ठरते.

समन्वय म्हटले की आपल्याकडे लगेच बैठक लावतात किंवा व्हॉट्सॲपचा गट काढतात. बैठकीत प्रकरणे किती, निकाली किती, प्रलंबित किती, हे आकडे वाचले जातात आणि चहा होतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा फक्त तीन-चार अडलेली मुले समोर घ्यावीत, त्या मुलांशी संबंध असलेली माणसेच तेवढी बोलवावीत, आणि उठण्यापूर्वी प्रत्येक मुलासाठी एका माणसाचे नाव लिहावे, ज्याला पुढच्या महिन्यात ‘काय झाले’ असे विचारता येईल. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा कायद्यानेच सांगितला आहे. त्याला धनी असा एक माणूस मिळाला, तर तो कपाटात पडून राहणार नाही. गटाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. मुलाचे छायाचित्र आणि नाव अशा गटांतून बघता बघता गावभर होते, आणि अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा दंडनीय गुन्हा आहे. माहिती ज्याला हवी त्याला पूर्ण मिळावी आणि बाकी कोणालाही अजिबात मिळू नये, हे शिस्तीने साधते, आणि ती शिस्त गटाच्या प्रशासकाला शिकवावी लागते.

ही सारी परीक्षा नाशिककरांना २०२७ च्या सिंहस्थात मोठ्या प्रमाणावर द्यावी लागणार आहे. रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरला, नाशिकरोड स्थानकावर पर्वणीच्या दिवशी मुले हरवतील, आणि त्यांतली कित्येक मराठी बोलणारी नसतील. सापडलेल्या मुलासाठी महानगरपालिका, पोलीस आणि रेल्वे यांचे तीन वेगळे तक्ते असतील, तर एकीकडे आई रडत बसेल आणि दुसरीकडे मूल. तिघांचा तक्ता एकच असावा, मुलाचे म्हणणे त्याच्याच भाषेत लिहिलेले असावे आणि लिहिणाऱ्याचा भ्रमणध्वनी त्यावर असावा. ‘हे माझे मूल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हाती लगेच मूल द्यायचे नाही, हेही केंद्रावर बसणाऱ्या स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवले पाहिजे.

आणि श्रोतेहो, आपल्यापुरते सांगायचे, तर पालकांपासून दुरावलेले किंवा टाकून दिलेले दिसणारे मूल आढळले, की चोवीस तासांच्या आत १०९८ ला, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा बाल कल्याण समितीला कळवणे हे कायद्याने प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. दयेपोटी मूल परस्पर घरी ठेवून घेऊ नये, आणि ‘मूल सापडले’ म्हणून त्याचे छायाचित्रही पुढे पाठवू नये. फोन कराल तेव्हा मूल कुठे आणि किती वाजता दिसले, अंगावर काय होते, सोबत कोण होते आणि तुमच्याशी ते आपण होऊन काय बोलले, हे मुलाच्याच शब्दांत सांगा, आणि ते कोणी लिहून घेतले त्याचे नाव विचारून ठेवा.

नमस्कार.