डबा कापला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

गेली सत्तावीस वर्षं मी मोटार वाइंडिंगचं काम करतो. मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी टेम्पोत एक यंत्र घालून माझ्या दुकानात आले. एक मोटार, तिला पट्ट्याने जोडलेलं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, आणि त्यावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर. अल्टरनेटरची वीज मोटारीला द्यायची, मोटारीने पुन्हा तोच अल्टरनेटर फिरवायचा आणि वर उरेल त्या विजेवर शेतपंप चालवायचा. जन्मभर बिल नाही, असं त्यांना सांगितलं होतं. बल्ब पेटलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. घरी आणल्यावर मात्र यंत्र अर्ध्या तासात थांबलं. "दादा, तेवढं दुरुस्त करून द्या," म्हणाले.

सांगाड्याच्या खाली चारही बाजूंनी वेल्डिंग केलेला पत्र्याचा डबा होता. ग्राइंडरने तो कापला. आत दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. बॅटऱ्या उतरल्या होत्या, दुसरं काही बिघडलं नव्हतं. ते बराच वेळ त्या डब्याकडे बघत उभे राहिले. कांद्याचे सगळे पैसे त्यात गेले होते.

त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. पंपाची वीज रात्री येते म्हटल्यावर दोन वाजता उठून, बॅटरी हातात घेऊन, साप-विंचवातून बारे द्यायला जाणाऱ्या माणसाला असं यंत्र हवंसं वाटणारच. राग यायचा तो विकणाऱ्याचा.

फ्लायव्हील वीज वाढवतं, असं हे लोक सांगतात. हिशेब करून बघू. 100 किलोचं, एक मीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला 600 फेरे घेतंय. त्यात साठलेली ऊर्जा साधारण 25,000 जूल. जूल हे ऊर्जेचं माप. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला सेकंदाला सुमारे 3,700 जूल लागतात. म्हणजे ते भलंमोठं चाक तुमचा पंप साडेसहा सेकंद चालवेल. आणि चाकात साठलेलं तेही आधी कोणीतरी घातलेलंच असतं.

शिवाय वाटेत गळती आहेच. मोटारीत 100 युनिट घातली तर चांगली मोटार 85 युनिटांएवढं काम देईल. त्या 85 मधून अल्टरनेटर 72 च्या आसपास वीज काढेल. ती 72 परत मोटारीला दिली की पुढच्या फेरीत 52. बाकीची जाते कुठे? चालू मोटारीच्या अंगावर हात ठेवून बघा, बेअरिंगपाशी, पट्ट्यापाशी. गरम लागतं ना? तीच ती. ज्यांचं नाव त्या मापाला दिलंय, त्या जूल नावाच्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये 1840 च्या दशकात हेच मोजलं. वजन खाली सोडून त्यावर पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरवर पाहिलं.

माझ्या धंद्यातल्या माणसाला आवडावी अशी एक गोष्ट सांगतो. 1812 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाने आपोआप चालणारं यंत्र मांडलं. हे यंत्र दुसरं एक यंत्र चालवतं, असा त्याचा दावा. पण तपासणाऱ्यांपैकी एकाच्या मुलाला दिसलं, की चक्राचे दात भलत्याच बाजूने झिजलेत. म्हणजे जे चालवतंय म्हणून सांगितलं, तेच दुसऱ्याकडून चालवलं जात होतं! मग रेडहेफर न्यूयॉर्कला गेला. तिथे 1813 मध्ये आगबोटींचे प्रसिद्ध इंजिनीअर रॉबर्ट फुल्टन यंत्र बघायला आले. त्यांनी आधी कान दिला. यंत्राचा आवाज एकसारखा नव्हता, हाताने हँडल फिरवल्यासारखा मागेपुढे होत होता. त्यांनी फळ्या उपटल्या. आतून तातीचा, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीचा, एक पट्टा भिंतीतून वर माळ्यावर गेला होता, आणि तिथे एक म्हातारा बसून हँडल फिरवत होता.

विकणारे भास्कराचार्यांचंही नाव घेतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. 1150 मध्ये त्यांनी पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या, चाकाचं वर्णन केलं, हे खरं आहे. असं चाक थोडं डोलतं, दोन्ही बाजूंचा भार तोलला जातो आणि ते थांबतं. पण त्यांनी कल्पना उघड लिहून ठेवली, कोणालाही करून बघता येईल अशी. पत्र्याचा डबा त्यात नव्हता.

तुमच्या गावात असं यंत्र आलं तर पैसे देण्याआधी त्यांना सांगा, की यंत्र माझ्या विहिरीवर आणा. सांगाडा चारही बाजूंनी उघडा ठेवा. सगळ्या बॅटऱ्या काढा आणि माझा पाच हॉर्सपॉवरचा पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवून दाखवा. ते कबूल झाले तर मला बोलवा. तारेतला विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन मी दिवसभर तिथे बसेन.