मालफंक्शन 54 म्हणजे नेमकं काय?

21 मार्च 1986. अमेरिकेत टेक्सासमधलं टायलर गाव, तिथलं कॅन्सर सेंटर. आतल्या खोलीत पेशंट पालथा झोपलाय, त्याची ही नववी ट्रीटमेंट, आणि बाहेर कीबोर्डवर ऑपरेटर बाई बसल्यात, हात एकदम बसलेला. मशीनचं नाव थेराक-25, कॅन्सरवर इलेक्ट्रॉनचा किंवा एक्स-रेचा बीम, म्हणजे किरणांचा झोत, सोडणारं. बनवणारी कंपनी कॅनडाची, सरकारी.

आता त्यांच्या बोटांकडे बघा. टाइप करायचं होतं ई, म्हणजे इलेक्ट्रॉन, पण सवयीने एक्स पडलं, एक्स-रेचं. लगेच लक्षात आलं, वरच्या बाणाने कर्सर त्या ओळीवर नेला, एक्सचं ई केलं, मग रिटर्न, रिटर्न, रिटर्न करत खाली आल्या आणि बीम चालू केला. मशीन थांबलं. स्क्रीनवर एवढंच आलं, मालफंक्शन 54.

आता हे 54 म्हणजे काय? मॅन्युअलमध्ये या नंबरांचा अर्थच दिलेला नव्हता. मशीनच्या बाजूला एक कागद होता, त्यावर लिहिलेलं 'डोस इनपुट 2'. बस. याचा अर्थ डोस एकतर फार जास्त गेलाय किंवा फार कमी, हे कंपनीच्या माणसाने सांगितलं, पण ते नंतर, सगळं होऊन गेल्यावर. त्या क्षणी स्क्रीन दाखवत होती की 202 युनिट द्यायचे होते, गेलेत फक्त 6. म्हणजे कमी गेलाय, असंच कुणालाही वाटणार, आणि मशीन तर बारीकसारीक कारणाने रोजच थांबायचं. त्यांनी पी दाबलं, म्हणजे पुढे चालू.

आत त्या माणसाला शॉक बसल्यासारखं झालं, तो उठायला लागला, तेवढ्यात दुसरा फटका हाताला, मग तो दारावर थापा मारायला लागला. त्या दिवशी इंटरकॉम बिघडलेला आणि कॅमेऱ्याचा मॉनिटर बंद, त्यामुळे बाहेर काहीच कळलं नाही. द्यायचे होते 180 रॅड (रॅड म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक), अंदाज निघाला 16,500 ते 25,000. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीची माणसं आली, त्यांना काही सापडलं नाही, मशीन परत सुरू झालं, आणि 11 एप्रिलला तीच ऑपरेटर, तोच मेसेज, दुसरा पेशंट. हा तीन आठवड्यांत गेला. मग सेंटरचा फिजिसिस्ट आणि त्या बाई मशीनसमोर बसून पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले, आणि शेवटी सापडलं, की बदल आठ सेकंदांच्या आत केला तर 54 येतं.

मूळ दोष सॉफ्टवेअरचा, आणि बीम अडवणारी जुन्या मॉडेलमधली हार्डवेअरची सोय काढून टाकल्याचा, हे मान्यच आहे. मॅन्युअलने तो पहिला फटका टळला नसता. पण "54 आलं तर पी दाबू नका, आधी आत जाऊन पेशंटला बघा" एवढी ओळ असती तर दुसरा फटका टळू शकला असता, असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः पुण्यात मॅन्युअल लिहिते. एरर कोडचा टेबल सगळ्यात शेवटी उरकायचा असतो, नुसता नंबर टाक, बाकी सपोर्टवाले सांगतील, असं ऐकायला मिळतं आणि मी दरवेळी भांडते, कारण तो टेबल उघडतो कोण, तर ज्याच्यासमोर मशीन थांबलंय तोच ना, आणि त्याच्याकडे फोन लावायला वेळ नसतो.

15 एप्रिलला कंपनीने सगळ्या ग्राहकांना पत्र पाठवलं. वरच्या बाणाचं बटण काढून टाका, खालच्या कॉन्टॅक्टवर इलेक्ट्रिकल टेप लावा. मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला कळवलं की हे पत्र चालणार नाही, यात दोष काय आहे ते लिहिलेलं नाही, धोका काय ते नाही, आणि बटण का बंद करायचं, तेही नाही.