सहा जणांचा सेट आणि सातवा पाहुणा

नमस्कार मंडळी. लग्नसराई चालू आहे, नवा संसार मांडणारी पोरं-पोरी भांड्यांच्या दुकानात उभी आहेत, एका बाजूला स्टीलची ताटं-वाट्या आणि दुसऱ्या बाजूला सोनेरी काठाचा बोन चायनाचा डिनर सेट, त्याच्यावर दुकानातला पिवळा लाईट असा पडलेला असतो की घेऊनच टाकावासा वाटतो. माझं मत आधीच सांगते. रोजची भांडी आधी. शोकेसची नंतर, आणि नंतर म्हणजे पाच वर्षांनी म्हटलं तरी चालेल.

आता नाशिकच्या आत्याची गोष्ट. घरात मी ही सुरू केली की सगळे उठून जातात, तुम्ही मात्र ऐका.

आतेबहिणीचं लग्न ठरलं आणि आत्यानं विहीणबाईंकडच्यांना जेवायला बोलावलं. त्यासाठी वर्षानुवर्षं पेपरात गुंडाळून ठेवलेला सेट बाहेर निघाला, तेहतीस पीसचा. तेहतीस म्हटल्यावर आत्याला वाटायचं अख्खी पंगत उठेल, पण त्यात छोट्या प्लेटा आल्या, वाट्या आल्या, झाकणंसुद्धा पीस म्हणून मोजलेली, जेवायच्या मोठ्या प्लेटा सहाच. पाहुणेही सहा, म्हणून आत्या निश्चिंत. आणि दारात बघते तर सात! विहीणबाईंचे दीर सकाळीच पुण्याहून आलेले, "म्हटलं भाऊजींनाही घेऊन यावं."

झालं. स्वयंपाकघरात कुजबुज सुरू. सातवं ताट स्टीलचं मांडायचं, पण कुणापुढे? दिरांपुढे मांडलं तर ते म्हणणार आगाऊ आलो म्हणून असं, नवऱ्यामुलापुढे मांडायची तर सोयच नाही. त्यात आजी, तिला कुणी विचारलंही नव्हतं, ती खुर्चीतून मोठ्यांदा म्हणाली, "मला नको हो ती हाडांची ताटं." आत्यानं कपाळाला हात लावला. पण आजी खोटं बोलत नव्हती बरं का, खऱ्या बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख असते, इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी स्पोड नावाच्या कारागिरानं जे मिश्रण बसवलं त्यात जवळजवळ निम्मी राखच. म्हणून तर ती दुधी झाक येते आणि प्लेट उजेडासमोर धरली की मागच्या बोटांची सावली दिसते. घरात सोवळं-ओवळं असेल, कडक शाकाहारी मंडळी असतील, तर घ्यायच्या आधी विचारा.

तर इकडे कुजबुज चालू आणि विहीणबाई उठून सरळ आत आल्या, मांडणीवरचं स्टीलचं ताट स्वतः उचललं आणि म्हणाल्या, "मला बाई हेच बरं." आत्या नको नको म्हणतेय, त्या जाऊन बसल्यासुद्धा.

पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, बटाट्याची भाजी. आता त्या प्लेटेचा काठ बाहेर उतरता आणि मधली जागा एवढीशी, वाटी ठेवली की कलते, म्हणून वाट्या टेबलावर. कुणी आमटी-भात कालवला की आमटीचा ओघळ आधी भज्यांत आणि मग पोळीखाली. नवरामुलगा बिचारा एका हातानं प्लेट तिरकी धरून जेवत होता. आणि शेजारी विहीणबाई, ताटात तीन वाट्या नीट बसलेल्या, मस्त भुरके मारतायत. दीर दोनदा बघत राहिले, मग म्हणाले, "वहिनी, तुमचं बरंय! मलाही तसलं एक द्या हो." मग व्याह्यांनी मागितलं, मग नवऱ्यामुलानं, ताकभाताला सोनेरी काठवाल्या तीनच प्लेटा उरल्या. दुपारी मावशी भांड्यांना आल्या तर आत्यानं त्यांना त्या सेटला हातही लावू दिला नाही, पाठ दुखेपर्यंत स्वतः घासत बसली.

तर मुद्दा काय, सेट नको, सुटं घ्या. परत सांगते, सुटं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जातीची चार ताटं वाढवता येतात. ताटाचा काठ उभा हवा, आणि दुकानातच ताटात वाट्या ठेवून बघा, लाजू नका. स्टील घेताना 304 मागा, त्यालाच 18/8 म्हणतात, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. स्वस्तातल्या 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्याच्यावर डाग लवकर पडतात. काही जण खिशात लोहचुंबक घेऊन जातात पण 304 काय आणि 202 काय, दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही, त्यामुळे त्यावरून यातला फरक कळणार नाही. छाप बघा, बिलावर लिहून घ्या.

आणि भांड्यांवर नावं घाला हो! हल्ली कुणी घालतच नाही, डबा शेजारी गेला की गेलाच. आमच्या आईच्या पातेल्यावर नाव, तारीख, कुणाकडून आलं ते सगळं, अर्धं खानदान त्या पातेल्यावर वाचता येतं. आणि आताची पोरं, एकाच बाऊलमध्ये वरण, भात, भाजी, कोशिंबीर सगळं कोंबून सोफ्यावर बसतात, त्यांना ताट कशाला लागतंय म्हणा, पण ते असो.

काच हवीच असेल तर दुधी काचेच्या साध्या प्लेटा घ्या, हलक्या असतात, एकात एक बसतात. फक्त सोनेरी काठवाली असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. बोन चायनाची हौस असली तर चहाचे दोन कप घ्या आणि रोज वापरा, कपाटात ठेवून काय करायचंय.

पुढच्या गुरुवारी तवे, बिडाचा की नॉनस्टिक. ऐकायला या.