खोडातली अळी, पानावरची अळी

सोयाबीनच्या या पानाची पार चाळण झाली आहे, आणि शेतात पाऊल टाकताच नजर अशाच पानांवर जाते. तरीही आमच्या मते खरी काळजी खोडात दडलेल्या अळीची करायला हवी. फुलोऱ्यापूर्वी पानांचे सुमारे 30 टक्क्यांपर्यंतचे नुकसान हे पीक नवी पालवी फोडून बरेचसे भरून काढते, मात्र पोखरलेले खोड पुन्हा भरून येत नाही.

हे झाड वरून हिरवेगार आहे. ते उपटून खोड उभे चिरले, की आत लालसर, नागमोडी पोखर दिसते. खोडमाशीची अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरली आहे. एवढ्या आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा सहसा पोहोचत नाही, म्हणून पेरणीपूर्वी शिफारस केलेल्या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया मोलाची ठरते.

आता शेजारच्या झाडाचे हे सुकलेले पान पाहा. त्याच्या देठावर थोड्या अंतराने दोन गोल खाचा आहेत. चक्रीभुंग्याच्या मादीने त्या पाडून मधल्या भागात अंडे घातले. अन्नपाणी तुटल्याने वरचा भाग वाळला, आणि अंड्यातून निघणारी अळी देठ पोखरत खोडाकडे उतरेल. ती खोडात शिरण्याआधी हा देठ खालच्या खाचेच्याही खालून तोडून नष्ट केला, तर झाड वाचते.

पाने खाणाऱ्या अळ्यांबाबत मात्र मोजणीशिवाय निर्णय घेऊ नये. दोन ओळींमध्ये कापड अंथरून झाडे हलक्या हाताने झटकली, की पाठीची कमान करून चालणाऱ्या उंटअळ्या त्यावर पडतात. फुलोऱ्यापूर्वी एक मीटर ओळीत त्या सरासरी चारच्या आसपास भरल्या, तर फवारणीचा विचार करावा. फुले लागल्यावर ही मर्यादा आणखी कमी धरावी. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची पिल्ले सुरुवातीला एकाच पानावर घोळक्याने राहून त्याची जाळी करतात, त्यामुळे तेवढे पान तोडले तरी शेकडो अळ्या एका वेळी हाती लागतात.

पानाला चिकटून ताठ झालेली ही पांढुरकी अळी बुरशीने मेली आहे. दमट हवेत ही बुरशी झपाट्याने पसरते आणि पुढे हिरवट दिसू लागते. मोजणी करताना अशा अळ्यांची नोंद वेगळी ठेवावी. त्यांची संख्या वाढत असेल, तर फवारणी दोन-तीन दिवस थांबवून त्याच ओळी पुन्हा मोजाव्यात.