अर्धीच भरलेली वाघीण

नमस्कार मंडळी. या टेबलावर मॉडेल रेल्वेच्या दोन वाघिणी, म्हणजे मालगाडीचे छोटे डबे, ठेवल्यात. दोन्ही बॉक्सएन, म्हणजे भारतीय रेल्वेच्या वरून उघड्या मालडब्याच्या नमुन्याच्या, आणि दोन्ही १:८७च्या, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या, म्हणजे आपल्या एचओ स्केलच्या. एकीत कोळसा अगदी काठोकाठ, वर ढिगारे आलेले. दुसरीत लोहखनिज आहे, पण तळाशी, निम्म्याच्याही खाली. मघाशी एका छोट्यानं विचारलं, "काका, सामान संपलं का?" बरं झालं विचारलं. मला त्याबद्दलच बोलायचंय.

खऱ्या बॉक्सएनमध्ये साधारण ५६ घनमीटर जागा असते आणि तिची मूळ क्षमता ५८ टनांच्या आसपास. कोळसा घनमीटरला टनापेक्षा थोडा कमीच भरतो, म्हणून वाघीण भरली तरी वजन हद्दीत राहतं. लोहखनिज मात्र दोन-अडीच टन भरतं. पंचवीसेक घनमीटरांतच चाकांवर पुरता भार आला, वरची जागा रिकामी! कर्नाटकातून गोव्यात उतरणारा कॅसलरॉक ते कुळे हा १:३७ चढणीचा, म्हणजे ३७ मीटरांत एक मीटर चढणारा, रेल्वेचा घाट बघा. बेल्लारी-होस्पेटचं खनिज याच वाटेनं मुरगाव बंदरात उतरायचं आणि बंदरातला कोळसा याच वाटेनं वर कर्नाटकात चढायचा. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर न सांगता कळतं, कशात काय आहे. आपल्याकडचे हौशी लोक डब्याच्या रंगासाठी महिना घालवतात आणि खनिज मात्र शिगोशीग भरतात. मीही भरायचो.

आता कोळसा कशाचा, ते सांगतो. चहाचा चोथा. हसू नका, पाण्यात धुतलेला चोथा वाळला की दाणा स्केलला झकास बसतो. माझी पहिली गाडी जून महिन्यात तयार झाली, आणि ऑगस्टमध्ये कोळशावर पांढरी लव! बुरशी. तेव्हापासून चोथा आधी चार दिवस कडक उन्हात, मग जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून घेतो. (तवा वेगळा ठेवा. हे मी अनुभवानं सांगतोय, घरात आठवडाभर अबोला होता.) मग काळा पोस्टर कलर. पसरून झाल्यावर पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडायचा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसेल तर फेव्हिकॉल वरच गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही.

खनिजासाठी दिवाळीनंतर उरलेली रांगोळी आणि कुंड्यांना लावून उरलेला गेरू. रव्याच्या भानगडीत पडू नका, मुंग्या लागतात.

पोलादाच्या कॉइल टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबच्या. ट्यूब उभी कापा, आतून स्वच्छ धुवा आणि १४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढा. चंदेरी बाजू बाहेर ठेवून, मध्ये भोक राहील अशा बेतानं गुंडाळा, बाहेरचा व्यास २० मिलिमीटर होईपर्यंत. म्हणजे खरी कॉइल १.२ मीटर रुंद, पावणेदोन मीटर व्यासाची, वजन वीसेक टन. आता तुम्हीच सांगा, वाघिणीवर अशा किती ठेवायच्या? बरोबर, तीन. चौथी-पाचवी ठेवायला जागा दिसते, हात शिवशिवतो, पण नाही ठेवायची.

ताडपत्रीला पेपर नॅपकिनचा एक पदर पुरतो. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून मालावर अंथरला की सुरकुत्या आपोआप पडतात.

राहिलं खरं वजन. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा ठोकताळा मला पटतो: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४. आपली बॉक्सएन या स्केलला पाच इंचांच्या आतच, म्हणजे मालासकट शंभर ग्रॅमच्या आसपास. चोथ्याला कसलं वजन! म्हणून थर्माकोलच्या तुकड्यावर कोळसा चिकटवायचा आणि त्याच्या खालून लोखंडी वॉशर बसवायचे. वजन तळाशी राहतं, वळणावर डबा कलंडत नाही.

शिवाय बंदराकडे परतणारी वाघीण रिकामी दिसायला हवी ना? हे घ्या, फुटक्या स्पीकरमधलं चुंबक. कोळशावर टेकवा आणि उचला. खनिजाला मात्र हात लावू नका, सकाळीच फेव्हिकॉल घातलाय, अजून ओलं आहे.