बोटांमधली जागा

(टेबलावर पसरलेला जुना नकाशा. त्यावर एक हात टेकतो.)

तुमचा हात असाच समोर ठेवा. बोटं थोडी फाकवा. तळव्याच्या जागी जुनं, दाटीवाटीचं शहर आहे असं धरा. प्रत्येक बोटातून एक लोहमार्ग जातोय, त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे. आणि बोटांच्या मधे जो नकाशा उघडा दिसतोय, ती शेतं, तळी, झाडी.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, तिच्या उपनगरांचा १९४७ सालचा आराखडा एवढ्यात सांगून होतो. म्हणूनच तो टिकला, असं मला वाटतं. जाडजूड अहवाल लोक वाचत नाहीत, पण हात सगळ्यांकडे असतो.

पीटर ब्रेड्सडॉर्फ हे नियोजन कार्यालयाचे प्रमुख होते, त्यांच्यासोबत होते वास्तुविशारद स्टीन आयलर रासमुसेन. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. कागदावर तेल सांडावं तशी वस्ती शहराबाहेर चहूकडे पसरत होती. ती रोखता येणार नाही हे या मंडळींनी आधीच मान्य केलं, आणि ती कुठल्या वाटेने जाऊ द्यायची याचा विचार केला. विजेवरच्या उपनगरी गाड्या १९३४ पासून धावत होत्या. त्याच धाग्याने बोटं आखली गेली: हेलसिंगोर, हिलेरोड, फ्रेडरिकसुंड, रोस्किल्ड आणि क्योगे या गावांच्या दिशेने. घरापासून एकीकडे चालत स्टेशन गाठता यावं आणि दुसरीकडे चालत मोकळं रान.

(धावत्या गाडीच्या खिडकीतून: इमारती, मग समुद्र.)

सगळं काही आखल्यासारखं झालं नाही. मोटारींचा एवढा पूर येईल असं कुणी धरलं नव्हतं. उत्तरेला वस्ती आधीच पसरलेली होती, तिथली बोटं सुजली. दक्षिणेला, क्योगे उपसागराच्या काठाने, अजून वाव होता. तिथे गाडी टप्प्याटप्प्याने पुढे सरकली. १९७२ मध्ये वालेन्सबेकपर्यंत, १९८३ मध्ये थेट क्योगेला. आणि लगतच्या पालिकांनी एकत्र येऊन आणखी एक काम केलं. नव्या वसाहतींतल्या माणसांना समुद्र जवळ होता, पण धड किनारा नव्हता. तो त्यांनी तयार केला. वाळू टाकून सुमारे सात किलोमीटरची चौपाटी घडवली आणि १९८० साली ती खुली झाली. घरांच्या हिशेबात पोहायची जागाही धरली गेली, हे मला फार मोठं वाटतं.

(पालिकेचं सभागृह. रिकाम्या खुर्च्या.)

सुरुवातीला या आराखड्यामागे कायद्याचं बळ नव्हतं. तो निव्वळ एक प्रस्ताव होता. शहरी जमीन आणि ग्रामीण जमीन यांना देशभर वेगळं करणारा कायदा १९७० मध्ये लागू झाला. राजधानी परिसराचा एकत्र विचार करणारी परिषद तर १९८९ अखेर बरखास्तही झाली. हात मात्र राहिला. २००७ साली तो राष्ट्रीय निर्देश म्हणून ३४ पालिकांवर बंधनकारक झाला. त्यातला एक नियम अगदी मोजपट्टी घेऊन केलेला आहे: १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठं कार्यालय बांधायचं, तर ते स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत. म्हणजे सात-आठ मिनिटांची चाल.

तिथली प्रत्येक पालिका बारा वर्षांचा आराखडा करते आणि दर चार वर्षांनी, नवी माणसं निवडून आली की, तो पुन्हा तपासते. खरी कसोटी तिथे लागते. बांधलेला पूल एकदा उभा राहिला की राहिला. मोकळी जमीन दर वेळी नव्याने राखावी लागते. मागणारा वाईट नसतो. कुणाला शाळा हवी असते, कुणाला गोदाम, कुणाला राहायला चार खोल्या. ज्या पालिकेच्या वाट्याला बोटाऐवजी बोटांमधली जागा आली, तिला आपली वाढ अडल्यासारखी वाटते, आणि ही तक्रार खोटी नाही. शेजारच्या गावांनाही मोकळी हवा मिळावी म्हणून एका गावाने थांबायचं असतं. त्या गावाला बदल्यात काय मिळतं, याचं उत्तर आराखड्यातच असायला हवं.

(जंगलातली पायवाट. पानांचा आवाज.)

एक उत्तर इथे आहे. शहराच्या पश्चिमेला, रोस्किल्डच्या आणि फ्रेडरिकसुंडच्या बोटांमधे, सपाट शेतजमीन होती. नुसती हिरवी रेघ मारून ती वाचली नसती. १९६७ पासून सरकारने ती विकत घेत घेत तिच्यावर झाडं लावली. आज हजार हेक्टरांहून मोठं रान उभं आहे. वेस्टस्कोवेन, म्हणजे पश्चिमेचं जंगल. दोन्हीकडच्या वसाहतींतली माणसं सायकलवरून इथे येतात. या खोडावर हात ठेवून पाहा. ओकच्या वयाच्या मानाने ही झाडं अजून पोरसवदा आहेत.